मॉडिफाय केलेली गाडी विकताय? मग सगळं लेखी द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात अधूनमधून फोटो येतो, रस्त्यावर सायलेन्सरची रांग मांडलीये आणि त्याच्यावरनं रोड रोलर चाललाय. कारवाई बरोबरच आहे, रात्री दीड वाजता गल्लीतनं फटाके फोडत जाणाऱ्या बुलेटने म्हातारी माणसं दचकून उठतात, त्याचं समर्थन कोणी करू नये. पण आपल्याकडे मॉडिफिकेशन म्हटलं की चर्चा आवाजापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. मला ज्याबद्दल लिहायचंय त्याचा आवाजच येत नाही. मॉडिफाय केलेल्या, जोरात पळणाऱ्या टर्बो गाड्या (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा) सेकंडहँड बाजारात कशा विकल्या जातात, विकणारा काय सांगतो, काय गिळून टाकतो आणि ती गाडी शेवटी कोणाच्या हातात पडते, हा विषय आहे.

मी भोसरीत मशीन शॉप चालवतो, गाड्यांचा नाद कॉलेजपासून. नुकतीच माझी स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस विकली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही दिसायला साधी फॅमिली सेडान, मागे डिकीत गणपतीचं मखर सुद्धा मावतं, पण आत २ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, कंपनीतनंच २३० पीएस, म्हणजे जवळपास तेवढीच हॉर्सपॉवर, आणि ३५० एनएम टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर. २०१७ साली भारतात आली, मोजक्याच आल्या आणि पटापट संपल्या. मी तिच्यात स्टेज वन रिमॅप केला होता, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून टर्बोचा बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, वाढवला होता, जोडीला जास्त हवा घेणारा इनटेक आणि गाडी खाली बसवणारे लोअरिंग स्प्रिंग. विकायला काढताना सगळं काढलं, कंपनीचे स्प्रिंग, कंपनीचा एअरबॉक्स (हवेच्या फिल्टरचा डबा) परत बसवला, कंपनीचा मॅप, म्हणजे मूळ सॉफ्टवेअर, परत टाकला आणि मगच जाहिरात दिली. आणि जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिहिलं की ही गाडी इतकी वर्षं रिमॅपवर चाललेली आहे, आता स्टॉक, म्हणजे कंपनीतनं आली तशी, आहे, काय काय केलं होतं त्याचा कागद आणि बिलं मिळतील.

ही जाहिरात बघून जुन्या गाड्यांचा धंदा करणारे एक गृहस्थ फोनवर म्हणाले, साहेब ती पहिली ओळ काढा, गाडी स्टॉक झाली ना, मग विषय संपला, कोणाला कळणारे? तुमचे दोन अडीच लाख उगाच चाललेत. ते वाईट हेतूने बोलत होते असं मला वाटत नाही, बाजारात हीच रीत आहे आणि ते मला रीत सांगत होते. माझं भांडण त्या रीतीशी आहे.

कारण विषय संपत नाही. सॉफ्टवेअर परत टाकलं म्हणजे नवीन पार्ट बसवला असं होत नाही. जास्त बूस्टवर चाललेला टर्बो, जास्त टॉर्क झेललेला गिअरबॉक्स, जास्त तापलेले प्लग आणि पिस्टन तेच राहतात. इथे थोडं टेक्निकल लिहितो पण वाचकांनी कंटाळू नये कारण पैसे इथेच बुडतात. ऑक्टाव्हिया आणि सुपर्बमध्ये १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन यायचं, १८० पीएसचं. सुपर्बमध्ये मॅन्युअल गिअरबॉक्स घेतला तर टॉर्क ३२० एनएम आणि ऑटोमॅटिक घेतला तर त्याच इंजिनचा टॉर्क फक्त २५०. हे असं का, तर त्या ऑटोमॅटिकमध्ये जो ७ स्पीडचा ड्राय क्लचवाला डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, बसवला होता त्याची झेपच २५० एनएमची आहे. कंपनीने मुद्दाम इंजिनाला लगाम घातला होता. आता रिमॅप करणारा पहिलं काय करतो तर तो लगाम काढतो, टॉर्क सहज तीनशेच्या वर जातो, गाडी अशी उडते की चालवणारा खूश, पण ते सगळं जाऊन पडतं त्या कोरड्या क्लचवर. वर्ष दोन वर्ष नीट चालते मग हळूच पहिल्या दुसऱ्याला थरथर सुरू होते, आणि बरेच जण नेमकी याच वेळी गाडी विकायला काढतात. स्टॉक मॅप टाकला की टॉर्क कमी, थरथर पण थोडी कमी, टेस्ट ड्राइव्ह छान जाते. घेणारा सहा महिन्यांनी क्लच पॅकचं एस्टिमेट घेऊन बसतो, लाखाच्या घरात.

माझ्या व्हीआरएसचा गिअरबॉक्स वेगळा होता, ६ स्पीडचा, तेलात बुडालेल्या क्लचचा, त्याची ताकद जास्त असते. तरी त्याचं तेल ६० हजार किलोमीटरला बदला असं कंपनी सांगते ते मी ४० हजारालाच बदलत होतो कारण रिमॅपवर तेल जास्त तापतं. ही गोष्ट घेणाऱ्याला कळायला नको का? पुढच्या वेळी कधी बदलायचं हे त्याने कशावरनं ठरवायचं?

पेट्रोलचं तर याहून वाईट आहे. २०२० च्या डिसेंबरात इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचं पेट्रोल आणलं, पुण्यामुंबईत पहिल्या फेरीतच मिळायला लागलं, आणि ट्यूनिंग करणाऱ्यांनी त्याच्यासाठी खास मॅप लिहायला सुरुवात केली. हाय ऑक्टेन पेट्रोल वेळेआधी पेट घेत नाही म्हणून इग्निशन पुढे आणता येतं, म्हणजे ठिणगी आधी पाडता येते, बूस्ट वाढवता येतो. आता अशी गाडी मॅपसकट विकली, आणि घेणारा जतचा किंवा परतूरचा असेल, तो जवळच्या पंपावर जे साधं पेट्रोल मिळतं ते भरणार. आत नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात ठोके बसणं, सुरू होणार, ईसीयू सेन्सरवरनं ओळखून काही प्रमाणात सांभाळून घेतो पण दर वेळी नाही, फुल थ्रॉटलला घाट चढताना एक दिवस पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते आणि अख्खं इंजिन खोलावं लागतं. विकणाऱ्याने एक वाक्य बोललं असतं, की बाबा हा मॅप शंभर ऑक्टेनचा आहे, तर हे टळलं असतं.

इंजिन गेलं तर पैसेच जातात हो, पण काही बदल असे असतात की त्यात माणूस जातो. हौशी लोक कंपनीचं स्टिअरिंग काढून छोटं रेसिंगचं स्टिअरिंग बसवतात. कंपनीच्या स्टिअरिंगमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग असते, ती गेली. मग मीटरवर एअरबॅगचा लाल दिवा सतत पेटतो म्हणून वायरिंगमध्ये एक रेझिस्टर टाकून गाडीला फसवतात, दिवा विझतो. विकताना जुनं स्टिअरिंग परत बसवलं, पण रेझिस्टर काढून एअरबॅगचं कनेक्शन परत नीट जोडलं का हे कोण बघतं? दिवा बंद म्हणजे सगळं ओके असं घेणारा धरून चालतो. तीच गोष्ट कापलेल्या स्प्रिंगांची, गाडी खाली बसावी म्हणून ग्राइंडरने स्प्रिंगचा एक वेढा कापतात, हे तर मी डोळ्यांनी बघितलंय, असला कापलेला स्प्रिंग खड्ड्यात जागेवरनं सुटू शकतो. माझ्या मते हे मॉडिफिकेशन नाहीच, हा गुन्हा आहे, आणि असं करणाऱ्या गॅरेजवाल्यांमुळे नीट काम करणारे ट्यूनर पण बदनाम होतात.

आता कायदा. बरेच जण म्हणतात कायद्यात काही स्पष्ट नाही, तसं नाहीये. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवर जे नोंदलंय आणि कंपनीने जे मूळ स्पेसिफिकेशन दिलंय त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. केरळमधनं गेलेल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२ए आलं, परवानगी नसलेला बदल केला तर दर बदलाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणून मी म्हणतो की विकायच्या आधी गाडी स्टॉकला आणणं हे योग्यच आहे, कारण आपली कायदेशीर कटकट दुसऱ्याच्या गळ्यात बांधून पैसे घ्यायचे हे बरोबर नाही. आणि विम्याचं पण आहे, बदल न सांगता क्लेम केला तर कंपनी हात वर करू शकते, तेव्हा भांडायला नवीन मालक उभा असतो, ज्याला काही माहितीच नाही.

पण स्टॉकला आणणं वेगळं आणि लपवणं वेगळं. करार कायदा १८७२ सालचा आहे, त्याच्या १७ व्या कलमात फसवणूक कशाला म्हणायचं ते दिलंय, त्यात माहीत असलेली गोष्ट प्रयत्नपूर्वक दडवणं पण येतं. नुसतं गप्प बसणं दर वेळी फसवणूक ठरत नाही हे खरं. पण मॅप परत टाकायचा, बदललेला डाउनपाइप (टर्बोतनं निघणारा धुराचा पाइप) काढून धूर साफ करणारा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवाला जुना पाइप बसवायचा, आणि मग समोरच्याने सरळ विचारल्यावर "गाडीला हात लावला नाही कधी, पूर्ण कंपनी फिटेड" असं तोंडावर सांगायचं, याला गप्प बसणं कसं म्हणणार? माझ्या साध्या बुद्धीला ही फसवणूकच वाटते. ज्यांना वाटतं कळणार नाही त्यांनी हे पण लक्षात घ्यावं की जाणकार माणूस स्कॅनर लावून ईसीयूत सॉफ्टवेअर कितीदा लिहिलं गेलं ते बघू शकतो, बऱ्याच गाड्यांत त्याची नोंद राहते. बैलबाजारात दात बघून वय सांगतात तसं आहे हे, फक्त बघता येणारा माणूस बरोबर न्यावा लागतो.

मी काय केलं ते सांगतो, कोणाला उपयोग झाला तर होईल. एका कागदावर तारखेवार लिहून काढलं, कुठला पार्ट किती किलोमीटरला बसवला, कधी काढला, रिमॅप कुठल्या पेट्रोलवर होता, गिअरबॉक्सचं तेल कधी कधी बदललं, प्लग कुठले, ब्रेक पॅड आणि डिस्क कधी. टायरवर चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष, तो चारही टायरचा लिहिला कारण इतक्या वेगाच्या गाडीवर जुने कडक टायर म्हणजे मरण. खाली मी सही केली, घेणाऱ्याने वाचून सही केली, एक एक प्रत दोघांकडे. गाडी २०१९ च्या एप्रिलच्या आधीची असल्याने एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावून घेतली, ई-चलान सगळी भरली, लोन फिटलेलं होतं त्याचा फॉर्म ३५ देऊन आरसीवरनं बँकेचं नाव काढलं. टेस्ट ड्राइव्हला चावी कोणाच्या हातात द्यायची हे पण मी ठरवलं होतं. एक मुलगा आला, नुकतं लायसन मिळालेला, सोबत वडील. मुलाचा पहिला प्रश्न लाँच कंट्रोलचा, म्हणजे जागेवरनं झपकन सुटायच्या सोयीचा होता, वडिलांना वाटत होतं मायलेज बरं देणारी मोठी गाडी आहे. मी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं की ही गाडी शंभरचा वेग सात सेकंदांच्या आसपास गाठते, मुलाला आधी साध्या गाडीवर दोन वर्षं चालवू द्या. ते निघून गेले. एक गिऱ्हाईक गेलं त्याची मला खंत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला जो अपघात झाला, दोन तरुण इंजिनिअर हकनाक गेले, ती गाडी मॉडिफाय केलेली नव्हती, कंपनीतनं आली तशीच होती. ताकदीची गाडी अपुऱ्या वयाच्या हातात गेली की काय होतं हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

शेवटी सांगलीच्या एका गृहस्थांनी घेतली, त्यांच्याकडे आधी पण टर्बो गाडी होती, कागद पूर्ण वाचला, चार प्रश्न विचारले आणि भाव पाडून मागितला. दिला. पैसे कमी आले हे खरंय, आणि मी तोच मुद्दा मांडतोय, की आज आपल्याकडे जो खरं सांगतो त्याचा भाव पडतो आणि जो लपवतो त्याला पूर्ण भाव मिळतो. नुसती चांगुलपणाची अपेक्षा करून हे सुधारणार नाही.

ट्रान्सफरबद्दल तर कळकळीने सांगावंसं वाटतं. फॉर्म २९, म्हणजे गाडी विकल्याची आरटीओला सूचना, विकणाऱ्याने चौदा दिवसांत द्यायचा असतो, घेणाऱ्याने तीस दिवसांत नावावर करून घ्यायची असते. वेगवान गाड्यांच्या बाजारात मात्र गाडी तीन हातांतनं फिरते आणि आरसीवर पहिल्याचंच नाव, प्रत्येक जण म्हणतो पुढच्याच्या नावावर डायरेक्ट करू, खर्च वाचेल. सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल सगळ्यांनी माहीत करून घ्यावा. २००७ मध्ये विकलेली गाडी, हातोहात फिरली, २००९ मध्ये अपघात झाला आणि कोर्टाने सांगितलं की आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. विचार करा, तुम्ही विकलेली अडीचशे तीनशे हॉर्सपॉवरची गाडी कुठलातरी अनोळखी मुलगा एक्सप्रेसवेवर पळवतोय आणि कागदावर मालक तुम्ही. आणि विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, आपला स्वतःचा असतो, गाडीबरोबर जात नाही, ते पत्र विमा कंपनीकडनं मागून घ्या, पुढच्या गाडीला कामी येतं.

आता सरकारकडे माझं मागणं. आपल्याकडे बदल मंजूर करायची पद्धतच नाही असं नाही. सीएनजी किट मंजूर असतं, बसवलं की आरसीवर नोंद होते. अपंग व्यक्तीसाठी गाडीत बदल करायचे तर त्याला पण कायद्यात जागा आहे. मग चांगल्या कंपनीचे सस्पेन्शन, ब्रेक, एक्झॉस्ट, मर्यादेतला रिमॅप, हे तपासून मंजूर का होऊ शकत नाही? माझा मावसभाऊ जर्मनीत स्टुटगार्टला असतो, त्याने तिथे जुनी गोल्फ घेतली, तिला लोअरिंग स्प्रिंग होते आणि ते गाडीच्या सरकारी कागदावर चक्क लिहिलेले होते. तिथे टीयूव्हीसारख्या संस्थेचा इंजिनिअर गाडी बघतो, पार्टचं सर्टिफिकेट बघतो, मग नोंद होते, आणि नोंद नसलेला बदल सापडला तर रस्त्यावर चालवायची परवानगीच जाते. नियम आपल्यापेक्षा कडक आहेत, पण सरळ मार्गाने जायचं म्हटलं तर दार उघडं आहे. आपल्याकडे दारच नाही म्हणून सगळे खिडकीतनं जातात. आणि तपासणी करायला परदेशातनं कोणाला बोलवायचं नाहीये, १९६६ पासून एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था पुण्यातच आहे, वेताळ टेकडीवर, देशभरातल्या कंपन्या आपल्या गाड्या टेस्टिंगला तिथे आणतात.

हे मोठं काम आहे, वेळ लागेल, मला समजतं. पण एक छोटं काम लगेच होण्यासारखं आहे. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना आरटीओकडे नोंदणी करून गाडी ताब्यात घेतल्याची माहिती कळवायचा नियम आलाय, आणि खाजगी व्यवहारात फॉर्म २९ आणि गाडी नावावर करायचा फॉर्म ३० आहेतच. या फॉर्मवर फक्त एक ओळ वाढवा, गाडीत इंजिन, सॉफ्टवेअर, सस्पेन्शन, एक्झॉस्ट, स्टिअरिंग, एअरबॅग यात कधी बदल केला होता का, असेल तर तपशील, आणि खाली विकणाऱ्याची सही. काढून टाकलेला बदल ज्याने स्वतःहून लिहिला त्याच्यावर मागचा दंड नको, नाहीतर कोणीच लिहिणार नाही. ज्याने खोटं लिहिलं त्याच्याविरुद्ध घेणाऱ्याच्या हातात निदान एक सही केलेला कागद राहील.

हे फॉर्म केंद्राच्या नियमातले आहेत, त्यामुळे राज्याने प्रस्ताव पाठवावा लागेल हे मला माहितीये. म्हणूनच पेपरला विनंती आहे की आपल्या वार्ताहराने परिवहन आयुक्तांना गाठून हा प्रश्न विचारावा आणि जे उत्तर मिळेल ते छापावं. सोबत मी वापरलेल्या कागदाची कोरी प्रत जोडली आहे, नाव नंबर काही नाही त्याच्यावर, ज्या वाचकाला गाडी विकायचीये त्याने खुशाल वापरावी.

आपला नम्र,
एक वाचक, भोसरी, पुणे